दोन सीटचं विमान आणि करवंदाची जाळी

परवा नलिनीने बाजारातून येताना करवंदं आणली. पळसाच्या पानाचा द्रोण, वर दुसरं पान झाकलेलं, आणि पिशवीच्या तळाला सांडलेल्या चार-पाच करवंदांनी कोथिंबिरीची जुडी लालजांभळी केलेली. द्रोण माझ्यापुढे टेकवत म्हणाली, "घ्या, तुमचं विमान आलं." नलिनी माझी बायको. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझी टर उडवायला फार शब्द लागत नाहीत. करवंदं म्हणजे विमान, हे आमच्या घराबाहेर कुणाला कळायचं नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो.

मी हवाई दलात होतो. उडवणारा नव्हे, उडवणाऱ्यापुढे जी घड्याळं असतात ती नीट ठेवणारा. उंची किती, वेग किती, नाक वर आहे की खाली, इंजिन किती तापलंय, हे वैमानिकाला ज्या काचांवर दिसतं त्या काचांमागचा माणूस. तीस-पस्तीस वर्षं तेच केलं आणि मग कर्जतला, भिसेगावात, वडिलांच्या दोन खोल्यांना तिसरी जोडून राहायला आलो. सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आमचा एक कंपू आहे. टीव्हीवर लढाऊ विमानांची बातमी झाली की दुसऱ्या दिवशी मला धरतात. काका, एक सीटचं भारी की दोन सीटचं? जणू मी साड्यांच्या दुकानात बसलोय. ते विमानांची नावं घेऊन भांडतात. मी नावं घेत नाही, ती सवय नोकरीत लागली ती लागलीच. पण प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर मला जिथे मिळालं ती मात्र धावपट्टी नव्हती. दहिवलीचा रस्ता होता, ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी होती आणि करवंदांचे दिवस होते.

आधी विमानाचं सांगतो. बहुतेक लढाऊ विमानं मुळात एका माणसासाठी आखलेली असतात. त्याच विमानाची दोन सीटची बहीण शिकवणीसाठी म्हणून तयार होते. आता दुसरा माणूस बसवायचा कुठे? विमानात रिकामी जागा नसतेच. चिमूटभर दिसली तर तिथे कुणीतरी तार घातलेली असते. मग वैमानिकाच्या पाठीमागची इंधनाची टाकी लहान करतात, काही यंत्रांच्या पेट्या इकडच्या तिकडे सरकवतात, वरची काच लांबवतात आणि तिथे मागची सीट बसते. म्हणजे दुसरा माणूस आला की विमान तेवढं कमी लांब जातं. नवीन भरती झालेल्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी सांगायचो. मागे जो बसतो तो इंधनाच्या जागेवर बसतो, तेव्हा त्याने तेवढं काम करून दाखवलं पाहिजे.

मागे बसलेल्याला पुढचं धड काही दिसत नाही. समोर सीटची पाठ आणि विद्यार्थ्याचं हेल्मेट. आमच्या एका विमानात त्यावर उपाय म्हणून चाकं खाली केली की डोक्यावर आरशांचा एक डबा उघडायचा, आणि मास्तर त्यातून धावपट्टी बघायचे. बाकी सगळं दोनदा. मागेही विमान वळवायची काठी, मागेही इंजिनाचा जोर वाढवणारं थ्रॉटल, मागेही पायांची पेडलं. दोन्ही काठ्या आतून जोडलेल्या, त्यामुळे पुढच्याने हलवली की मागची हलते आणि मागच्याने हलवली की पुढची. शिवाय मागे एक छोटं पॅनल असायचं, ते मला फार आवडायचं. त्यावरची कळ दाबली की विद्यार्थ्यापुढचं घड्याळ खोटंखोटं बंद पडायचं. वेगाचा काटा बसला, आता कर काय करायचं ते. मास्तर मागून गप्प. ती कळ दाबायला हिंमत लागत नाही, दाबल्यावर हात मांडीवर ठेवायला लागते, असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो. बोलायला माझं काय जात होतं?

निवृत्त झाल्यावर मी घरातल्या डब्यांवर लेबलं लावायला लागलो. हळदीच्या डब्यावर हळद. चौथ्या दिवशी नलिनीने मला घराबाहेर काढलं. ओळखीतल्या एकाचं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं, एक गाडी आणि एक पाटी, आणि त्याला सकाळच्या वेळेला शिकवणारा हवा होता. मी रीतसर शिक्षकाचा परवाना काढून जायला लागलो. शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटपुढे क्लच आणि ब्रेकची जादा पेडलं असतात. मास्तरने ती दाबली की चालवणाऱ्याची दबतात, पण चालवणाऱ्याने आपली दाबली तर ही हलत नाहीत. तिथली पेडलं इतकी जड होती की दाबली की माझा गुडघा कुरकुरायचा. मी दोन रविवार गाडीखाली झोपलो. केबल बदलली, स्प्रिंग हलकी घातली, पेडलाची चाल आखूड केली. आता पायाचं नुसतं वजन पडलं तरी काम व्हायचं. स्वतःवर बेहद्द खूश झालो आणि नलिनीला नेऊन दाखवलं. ती म्हणाली, छान झालंय, आता मला वाण्याकडे सोडा.

त्या वर्षी होळी झाल्यावर सुगंधा शिकायला आली. माथेरानच्या डोंगरउतारावरच्या एका ठाकूरवाडीतली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, दोन मुलं, नववीपर्यंत शाळा, नवरा वीटभट्टीवर. वाडीतल्या बायकांच्या बचत गटाला एक छोटा टेंपो मंजूर झाला होता. करवंदं, जांभळं, पावसाळ्यात रानभाज्या, पुढे काकड्या आणि शिराळी, सगळं त्या बायका पहाटे निघून डोक्यावरून कर्जतला आणतात. दोन-अडीच तास उतरायचं, दिवसभर उन्हात बसून विकायचं, पुन्हा चढायचं. टेंपो आला की हे चालणं सुटणार होतं. पण बैठकीत कुणीतरी विचारलं, चालवणार कोण? टेंपो बायकांच्या नावावर आणि वाडीत लायसन्स एकट्या अध्यक्षबाईंच्या दिराकडे. माणूस वाईट नव्हता. तरी एकदा स्टिअरिंग त्याच्या हातात गेलं की टेंपो कधी निघणार, कुठे थांबणार, हे त्याला विचारावं लागणार, हे साऱ्याजणींना कळत होतं. तेव्हा सुगंधा म्हणाली, मी शिकते. वैशाखात खालापूरला लायसन्सचा कॅम्प होता. त्यात ती पास झाली तर ऐन करवंदांत टेंपो चालू. नाहीतर दीर.

चैत्रातल्या त्या सकाळी अजून माझ्या नाकात आहेत. भिसेगावातून निघायचं, पूल ओलांडून दहिवली, मग चौकच्या रस्त्याला. शेतांतून राब भाजत असायचे. भाताच्या रोपांसाठी जमीन तयार करायची म्हणून पालापाचोळा, शेण, काटक्या जाळतात, त्याचा धूर सकाळच्या गार हवेत वर जात नाही, जमिनीलगतच रेंगाळतो. तो गाडीत शिरायचा आणि शर्टाला चिकटून घरी यायचा. अंगणांत कुरडया वाळत घातलेल्या, त्यांच्याशेजारी काठी घेऊन बसलेली एखादी म्हातारी. फार्महाउसांच्या पाट्या, त्यांवर झाडांची इंग्रजी नावं. सुगंधा हे सगळं बघायची, पण आरशातून. पहिल्या दिवसापासून आरसा बघणारा दुसरा विद्यार्थी मी आजवर पाहिलेला नाही. गिअर टाकताना खाली नजर नाही, हॉर्नवर हात नाही. तिसऱ्या आठवड्यात चढावर गाडी थांबवून पुन्हा उठवायला लागली, तीही अशी की गाडी बोटभर मागे जायची नाही. मी कंपूत सांगत सुटलो, पोरगी जन्मजात पायलट आहे, मी काही करत नाही, नुसता शेजारी बसतो.

बोलायची कमी. एकदा रस्त्यात गुरं आडवी आली म्हणून थांबलो होतो, तेव्हा मी नेहमीप्रमाणे विमानांचं सुरू केलं. दोन सीटचं प्रत्येक विमान काही शिकवणीचं नसतं. लांब जाऊन मारा करायचा असतो त्या विमानांत मागचा माणूस मास्तर नसतो, जोडीदार असतो. पुढचा उडवतो. मागच्यापुढे पडदे असतात. रडार तो बघतो, कुठलं लक्ष्य आधी आणि कुठलं नंतर ते तो लावतो, शत्रूच्या रडारने आपल्याला पकडलं का ते तो ऐकतो आणि त्याला फसवायच्या कळा तोच दाबतो. काही विमानांत तर त्याला काठी दिलेलीच नसते. दोघांच्या कानांत एकच तार, एकाचा श्वास दुसऱ्याला ऐकू येतो. सुगंधाने सगळं ऐकून घेतलं, गुरं गेली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि म्हणाली, "आमी पन करवंदाला दोघी जातो. जाळीत एकच शिरते."

दुसरी काय करते, असं मी विचारलं. तिने सांगितलं ते असं. करवंदीची जाळी म्हणजे नुसते काटे. आत शिरलेल्या बाईला हातापुढचं फळ तेवढं दिसतं. पाठीमागे जनावर आहे का, वर गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, हे बाहेर उभी असते तिने बघायचं आणि सारखं बोलत राहायचं. काहीही बोलायचं, सासूचं, पोरांचं, बाजाराचं. बाहेरचा आवाज थांबला की आतलीने हातातलं टाकून बाहेर यायचं, हा ठरलेला रिवाज. मी खूश झालो. म्हटलं, हेच ते, मागच्या सीटचं काम अगदी हेच. त्यावर ती आणखी एक वाक्य बोलली. ते मी कानाआड केलं, कारण मला माझंच बोलायचं होतं.

"पन बाहेरचीनं हात घालायचा नाय, सर. ती वढाया गेली तर दोघींना बी काटं."

आता कंपूतले म्हणतात की दोन सीटचा जमाना संपला. त्यांचं अगदीच खोटं नाही. नव्या एक सीटच्या विमानांत मागच्या माणसाचं बरंच काम यंत्राने उचललंय. आपलं रडार, कॅमेरे, बरोबरच्या विमानांनी पाहिलेलं, जमिनीवरून कळवलेलं, हे सगळं एकत्र करून संगणक वैमानिकापुढे एकच चित्र धरतो, कधी समोरच्या काचेवर, कधी हेल्मेटच्याच काचेवर. हव्या त्या कळा काठीवर आणि थ्रॉटलवर, म्हणजे हात न उचलता बोटांनी काम. माझ्या काळात वैमानिकाला एकेक घड्याळ वाचून बेरीज डोक्यात करावी लागायची. आता बेरीज होऊन समोर येते. तरी मी त्यांना सांगतो, चित्र कितीही स्वच्छ असलं तरी बघणारं डोकं एकच आणि दमतं ते डोकं. आणि मागे माणूस बसवला म्हणजे डोकी दोन झाली, असंही नाही. कधी कधी दीडच होतात. पुढचा अर्धं मागच्यावर सोडून देतो आणि मागचा आपलं सोडून पुढच्याचं करायला जातो. यंत्र तसं करत नाही, कारण यंत्राला माया नसते. हे शेवटचं मी कंपूत बोलत नाही, उगाच हसतात.

वैशाखातला कॅम्प आला. गाडी आमचीच, फक्त डाव्या सीटवर माझ्याऐवजी तपासणारे साहेब. त्यांनी पाय पेडलांपासून मागे घेतले, कागद मांडीवर ठेवले आणि निघा म्हणाले. मी झाडाखाली उभा होतो. वळणं झाली, रिव्हर्स झाला, सगळं सुरेख. मग चढ. चढाच्या मध्यावर साहेबांनी गाडी थांबवायला लावली, पुन्हा उठवायला सांगितली, आणि गाडी बंद पडली. चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा जी मागे घसरली ती साहेबांनी ब्रेक दाबला तेव्हा थांबली. नापास. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं.

येताना गाडी मी चालवली. सुगंधा खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली की क्लच वेगळा लागला, जड लागला. मी तिची समजूत काढली. टेन्शन येतं गं, भल्याभल्या पायलटांना येतं, पाय जड होतात. ती म्हणाली, पाय तेच होते, गाडी निराळी होती. मी हसून विषय बदलला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मनात आलं होतं. तिच्याविषयी नाही, एकूण माणसांविषयी आलं, असं आता म्हणावंसं वाटतं; पण तिच्याविषयीच आलं होतं. गटाच्या बायकांनी पुढच्या महिन्याच्या कॅम्पपर्यंत थांबायचं ठरवलं. तेवढंच, त्यापुढे नाही.

चार दिवसांनी ती सकाळी माझ्या आधी येऊन गाडीपाशी थांबली होती. एक राउंड मारू म्हणाली. दहिवलीपर्यंत गेलो, चढावर दोनदा थांबलो, दोनदा गाडी उठवली, बोटभर मागे नाही. मी म्हटलं, बघ, येतंय की तुला. तिने गाडी स्कूलच्या दारात लावली, उतरली, वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं आणि पाय वर घ्या म्हणाली. घेतले. माझ्या ब्रेकच्या पेडलाखाली मॅटवर सहा करवंदं होती, टपोरी, जशीच्या तशी. क्लचच्या पेडलाखालीही सहा होती. त्यांचा चेंदा झाला होता. मॅटवर लालजांभळा डाग पडलेला आणि पेडलाच्या पाठीला बिया चिकटलेल्या.

"तुमचा पाय हाय तवर माझा पाय शिकायचा नाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मग मॅट काढून नळाखाली धुवायला घेऊन गेली.

अख्खं आयुष्य मी काट्यांवरून यंत्राचं खरंखोटं ओळखलं, आणि माझ्या पायाचं खरंखोटं सहा करवंदांनी सांगितलं. चढ आला की माझा डावा पाय पुढे जायचा, क्लच अर्ध्यावर धरायचा आणि गाडी सावरली की मागे यायचा. मी इतकं हलकं करून ठेवलेलं पेडल, मला कळतसुद्धा नव्हतं. तिला वाटायचं क्लच असाच असतो, आपण थोडा दाबला की बाकीचा आपोआप जातो. महिनाभर ती माझ्या पायाने चढ चढत होती. तिची चूक एवढीच की तिने मास्तरवर विश्वास ठेवला. मला फार लाज वाटली. त्या वर्षीची करवंदं त्या बायकांनी डोक्यावरूनच आणली. बाजारात त्या टोपल्या मांडून बसलेल्या दिसल्या की मी पलीकडच्या गल्लीने जायचो. नलिनीने दोन दिवस पाहिलं आणि विचारलं. मी सांगितलं. तिने टर उडवली नाही, जेवायला वाढलं.

त्या दिवसांत एक जुनी गोष्ट सारखी वर येत राहिली. दोन सीटचं विमान कधी कधी एकटा वैमानिक घेऊन जातो. तेव्हा मागची सीट बांधून टाकावी लागते. खांद्याचे पट्टे, कमरेचे पट्टे ओढून घट्ट करायचे, ऑक्सिजनची नळी आणि कानाची तार अडकवून ठेवायची, एकही टोक मोकळं राहता कामा नये. एक खटकाही फिरवायचा असतो. एरवी हवेतच विमान सोडून बाहेर पडायची पाळी आली तर आधी मागची सीट सुटते आणि मग पुढची, म्हणजे पुढच्या सीटखालच्या रॉकेटच्या आगीने मागचा भाजत नाही. मागे कुणी नसेल तर तसं सांगणारा तो खटका. एकदा मागचं घड्याळ बदलायला म्हणून मी कमरेचा पट्टा सोडला आणि परत बांधताना एक टोक सैल राहिलं. वर गेल्यावर ते मागच्या काठीच्या मुळाशी गेलं. पुढे बसलेल्या वैमानिक साहेबांनी काठी ओढली, ती अर्ध्यात अडली. त्यांनी ती हलकेच उलट ढकलली, टोक सुटलं, ते सरळ परत आले. ओरडले नाहीत. मागे कुणी नसताना मागून कुणीतरी काठी धरली होती, एवढंच म्हणाले. शिक्षा झाली, ती झालीच पाहिजे होती. पुढे नोकरीभर मी पट्ट्याची टोकं दोन-दोनदा बघितली. मला वाटत राहिलं की धडा पट्ट्याचा होता.

दुसऱ्या दिवसापासून पाय लांब ठेवायचं ठरवलं. ठरवणं सोपं. सुगंधाने पुन्हा करवंदं ठेवली, पुन्हा चेंदा. जित्याची खोड, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी मी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. हे नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून रहदारी नसलेला, फार्महाउसांकडे जाणारा मोकळा चढ निवडला, आणि हँडब्रेक दोघांच्या मध्ये होताच. निघताना, बाजारात चाललेल्या नलिनीने गाडीत डोकावून पाहिलं आणि सत्यनारायणाला बसलात का, तुळशीपत्र आणू का, असं विचारून गेली. सुगंधा पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग चढ आला आणि हसणं संपलं.

गाडी बंद पडली. पुन्हा पडली. त्या सकाळी किती वेळा पडली ते मोजलं नाही. जी मुलगी बोटभर मागे येऊ देत नव्हती ती आता पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखी घसरत होती. माझा पाय मांडीत अडकलेला, म्हणून हात हँडब्रेककडे जायचा. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणायची, "सर, हात." मी हात मांड्यांखाली सारायचो. मग काही करायला उरलं नाही तेव्हा बोलायला लागलो. मागे लांब एक रिक्षा आहे, वळून गेली. उजवीकडून बाइक येतेय, येऊ दे. मागे कुणी नाही. आता उतारावर कुत्रं आहे, बसलंय. मी जाळीबाहेर उभ्या असलेल्या बाईचं काम करत होतो, आणि सांगतो, पाय लावण्यापेक्षा ते फार अवघड आहे. समोर आपल्याला येतं ते दुसऱ्याला जमत नाहीये आणि आपण बाइकचं सांगतोय. पाच-सहा दिवस असे गेले. एकदा तिने गाडी बाजूला घेतली, पदराने तोंड पुसलं आणि पाच मिनिटं तशीच बसली. मी गप्प झालो तर म्हणाली, बोलत रावा. मी आमच्या हळदीच्या डब्याचं सांगितलं. मग तिने गाडी काढली. दुसऱ्या आठवड्यात क्लच कुठे धरतो ते तिच्या पायाला कळायला लागलं. दहापैकी चार वेळा, मग सहा वेळा. दहापैकी दहा काही कधी झालं नाही.

ज्येष्ठातला कॅम्प आला तेव्हा करवंदं संपली होती, बाजारात जांभळं होती. खालापूरला नेहमीची गर्दी, हातात कागदांच्या पिशव्या घेतलेली माणसं, टपरीवर चहा. गटातल्या दोघी जणी सुगंधाबरोबर आल्या होत्या आणि भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन झाडाखाली बसल्या होत्या. दीरही मोटरसायकलवर आला होता. त्याने माझ्यासाठी चहा आणला. आज नाही जमलं तर उद्या मी टेंपो आणायला जातो, असं तो साधेपणाने म्हणाला, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

साहेब डाव्या सीटवर बसले. गाडी निघाली. वळणं, रिव्हर्स, मग चढ. मध्यावर गाडी थांबली. माझ्यापासून ती इतकी लांब होती की मी ओरडलो असतो तरी तिला ऐकू गेलं नसतं. मागे कुणी नाही गं, एवढं तरी सांगता यायला हवं होतं. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागे आली. वीतभर. भाकरीचं फडकं घेतलेली बाई उठून उभी राहिली. गाडी थांबली, थरथरली, आणि मग हळू, एका चालीने वर गेली. खाली बघितलं तर माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, इतका पाय मी मातीत दाबला होता.

साहेबांनी कागदावर पास लिहून सही केली. सुगंधा गाडी लावून आली, कागद त्या दोघींच्या हातात दिला आणि त्या तो उलटासुलटा बघत राहिल्या. मी तुटकी चप्पल हातात घेऊन तिच्यापाशी गेलो. चढावर मागे आली होती ना, असं विचारलं.

"आली व्हती," ती म्हणाली. "मग मीच धरली."